बासष्ट सालची थंडी

कुडचड्याच्या उतारावर माझी शेड.
मे महिना. पत्रा तापून टणटण बोलतो.
बेनितो फुर्तादांची ओपेल, साल बासष्ट,
दोन पोरांनी ढकलत आत आणली.

"नवं भोक पाडायचं नाही," पहिलंच वाक्य.
"डॅशबोर्डाला, दाराला, कुठंच नाही.
आणि थंडी हवी."
मी हसलो नाही. गिऱ्हाईक ऐंशीचं होतं.

जुना कॉम्प्रेसर उतरवला,
बैलाच्या डोक्याएवढा, आत काळी राख.
कॉईलच्या पात्यांत तांबडी धूळ:
खाणी बंद पडल्या, ती अजून कामावर.

बारा नंबरचा गॅस आता मिळत नाही.
नवा घालायचा तर तेल नवं, रबरी कड्या नव्या.
"जुनं म्हणून नाव तेवढं राहील," मी म्हणालो.
"माझंही तसंच," म्हणत त्यांनी
ऑपरेशनचा गुडघा दाखवला.

नव्या ब्लोअरला जागा एकच, पुढचा खण.
त्यात बाईंचा घडीचा पंखा, दोन काड्या मोडक्या.
मी काढून सीटवर ठेवला.
त्यांनी उचलून परत खणात.
मग मी डक्टच वाकवला.
तीन दिवस गेले त्यात, बिलात लावले नाहीत.

शनिवारी व्हॅक्यूम धरला. रातभर सुई हलली नाही.
सकाळी गॅस भरला, काचेतले बुडबुडे विरले.
जाळीपाशी सहा डिग्री.

फुर्तादांनी चारी काचा वर केल्या
आणि बसून राहिले. इंजिन चालू, गाडी उभी.
ओठ हलत होते, बाहेर काही ऐकू येईना.

गाडीखाली नळीतून थेंब पडू लागला.
शेडमधली कुत्री आली,
हुंगलं, चाटलं,
तिथंच अंग टाकलं.