खारीक वर बघते

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात
खारीक जिना उतरायची बंद झाली.

आधी वाटलं, नखरे.
नऊ वर्षांची कुत्री, तिलाही कंटाळा येत असेल
त्याच दाराचा, त्याच पायपुसण्याचा.
मग एका सकाळी ती वर बाथटबमध्ये सापडली,
कोरड्या टबात, नळाला पाठ लावून,
आणि अशी थरथरत होती
की गळ्यातला बिल्ला टबाच्या कडेवर
टकटक वाजत होता.
अठरा किलो. रोज उचलून खाली आणायची,
डोळे मिटून घ्यायची ती, दार ओलांडेपर्यंत.

हॅलिफॅक्समध्ये या दिवसांत सगळ्यांकडे एकच उत्तर असतं: फटाके.
शेजारच्या मिसेस हेंसवर्थ म्हणाल्या, पाच नोव्हेंबर जाऊ दे.
पाच गेला. पंधरा गेला.
टेकडीवरच्या दगडी घरांवर नुसता भुरभुर पाऊस,
खारीक टबातच.

डॉक्टरने दात पाहिले, कान पाहिले,
पाठीच्या एकेका मणक्यावर बोट ठेवलं, जप केल्यासारखं.
दुखत असलं की कुत्री असंच करतात, म्हणाला,
पण हिचं काही दुखत नाहीये.
एकशे दहा पौंड.

मी रागावले. हेही लिहायला हवं.
पट्ट्याला धरून ओढत आणली तिला जिन्याच्या पायथ्याशी,
म्हटलं, बघ! काय आहे इथं?
तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.
वर पाहिलं.
कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाशी,
फरशीवर एक ओला डाग.
तो पुसताना लक्षात आलं,
ती रोज तिथेच बघते, छताच्या त्याच कोपऱ्यात.

आता हे कोणाला सांगू नका:
मला बरं वाटलं.
तिथे खुंटीवर हेरंबचा कोट अजून आहे.
फेब्रुवारीत तो गेला तो तिथेच,
बुटाची नाडी बांधता बांधता.
मी रात्री दिवा न लावता
शेवटच्या पायरीवर बसू लागले.
म्हटलं, तिला दिसतोयस तर मलाही दिस.
आणि तिला घाबरवू नकोस रे, मुकं जनावर ते.
फ्रिजची घरघर. उतारावरून एखादी गाडी.
बाकी शांतता.
इतकी, की मला ती त्याचीच वाटली.

मिसेस हेंसवर्थचा नातू रोरी, आठ वर्षांचा,
चुकून त्यांच्याकडे गेलेलं पार्सल घेऊन आला
आणि दारातच थबकला.
या आवाजाचा तुम्हाला त्रास नाही होत?
कुठला आवाज?
तो ओठातल्या ओठात आकडे मोजत राहिला.
मग बोट वर.
हा.
त्याच क्षणी वर टबात नखं खरवडली.

एकीकडे मूल, एकीकडे कुत्री, एकाच वेळी दचकणारी,
आणि मधे मी, सहासष्ट वर्षांची,
कान शाबूत आहेत असं समजणारी.

धुराचा अलार्म. बॅटरी संपत आलेली.
दर चाळीस सेकंदांनी एक बारीक टोचणी,
साडेतीन आठवडे, रात्रंदिवस.
एकूण किती, हा हिशेब मी केलेला नाही.
करवत नाही.

घड्याळं मागे घ्यायच्या रविवारी
हेरंब शिडी काढायचा,
नवी बॅटरी जिभेला लावून बघायचा.
मी ओरडायचे, तो मुद्दाम जीभ बाहेर ठेवायचा.
या वर्षी घड्याळ मी मागे घेतलं.
शिडीची आठवण झाली नाही.

रोरीने शिडी धरली, मी चढले.
उतरल्यावर, तो गेल्यावर,
जुनी बॅटरी जिभेला लावली.
किंचित आंबट.
होता अजून, थोडासा.

खारीक काही लगेच आली नाही.
चौथ्या दिवशी चार पायऱ्या, मग परत टब.
माझ्या माफीचं तिला काय,
तिने चिकनचा तुकडा तेवढा घेतला.
आता येते खाली, कोटाखाली झोपतेही,
पण झोपेतून मधेच मान वर करते.

मीही करते.
सगळं शांत आहे ना,
तिलाच विचारते.