तळ्यावरची वजाबाकी

साठ मीटर.
याच्या खाली तूरे विमान नेत नाही,
याच्या वर गेलं की जमीन पुटपुटायची थांबते.

मागच्या सीटा काढून तिथे पेटी बसवलीय.
आत मिठाच्या जातीचा एक स्फटिक,
बाळंतिणीसारखा उबेत गुंडाळलेला;
एकदम गारठला तर तडकतो.
खालून आलेला किरण त्याच्यावर आदळला
की तो अंधारात एवढंसं चमकतो
आणि आम्ही त्या चमकेचा जोर मोजतो.
एवढंच काम. दर सेकंदाला.

सकाळी आधी तळं.
अगदी मधोमध, जिथे पाणी इतकं खोल
की तळाच्या खडकाचा शब्द वर येत नाही.
तरी काटा हलतोच.
ते विमानाचं स्वतःचं:
डायलवरच्या चकाकत्या रंगातलं,
आभाळातून झिरपलेलं,
तूरेच्या मांसातलं पोटॅशियम, आणि माझ्या.
तो आकडा लिहून ठेवायचा,
दिवसभर प्रत्येक मापातून वजा करायचा.
वहीत त्या रकान्यावर
तूरेने पेन्सिलीने लिहिलंय: आम्ही.

मग रेघा. शेत नांगरावं तशा,
टोकाला वळायचं, शेजारून परत.
ग्रॅनाइट थोरियमच्या सुरात बोलतो,
दलदल जवळजवळ मुकी,
आणि मध्येच, सहाशे बासष्टच्या खुणेवर,
एक उंचवटा, जो या डोंगरांचा नाही.
गेल्या साली एप्रिल सरताना
एका रात्री ज्या उतारावर ढग रिकामा झाला
तिथे तो उभाच्या उभा.
पलीकडच्या खोऱ्यात काही नाही.
मध्ये फक्त रेनडिअरचं कुंपण.

संध्याकाळी व्हिल्हेल्मिनाच्या शाळेत
मुलांची टेबलं जोडून नकाशा पसरला.
सीर्ये आली, चिखलाच्या बुटांसकट,
आकडा विचारला नाही तिने.
मागच्या शरदात तिच्या कळपाचं मांस
निळा रंग ओतून खड्ड्यात गेलं होतं,
आकडे तिला पाठ होते.
तांबड्यावर बोट टेकवून ती म्हणाली,
इथलं दगडफूल चरतात ती.
त्याला मूळ नसतं, बाई.
वरून येईल तेच त्याचं जेवण.
तुमच्या पेटीसारखंच आहे ते,
फक्त त्याला वजाबाकी येत नाही.

मी काहीतरी बोलले,
अर्धायुष्याबद्दल, तीस वर्षांबद्दल.
ती ऐकत होती, किंवा खिडकीकडे पाहत होती.
मग खिशातून सुरी काढली,
वाळवलेल्या मांसाचे पातळ काप केले,
तूरेला दिले, मला दिले, स्वतः खाल्ले.
कुठल्या शरदातलं, तिने सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.
धुराची चव होती, आणि मिठाची.

सकाळी पुन्हा तळं.
खाली काळं, सपाट पाणी.
तूरे नेहमीपेक्षा गप्प.
'आम्ही'च्या रकान्यातला आकडा
कालचाच होता.
मी दोनदा पाहिला.