गळती : आहे / नाही

दिवसा मी सित्राच्या रिफायनरीत
फ्लँजना साबणाचं पाणी लावते.
बुडबुडा आला तर लाल चिठ्ठी, नाही आला तर हिरवी.
फॉर्मवर दोनच चौकटी : आहे, नाही.
अकरा वर्षं झाली, 'थोडीशी' असा रकाना
अजून कुणी छापलेला नाही.

रात्री गुदैबियातल्या खोलीत
बिस्किटांचा डबा उघडते.
नागोठण्याच्या दत्तूमामाने रेडिओचं दुकान मोडलं
तेव्हा भंगारवाल्याच्या तराजूतून उचललेला :
जर्मेनियमचे एकशे त्रेचाळीस ट्रान्झिस्टर,
पत्र्याच्या टोप्या घातलेले, पाय काळे पडलेले,
नाव एसी एकशे अठ्ठावीस.
नावात एसी, आणि उकाडा म्हणून सोसत नाही.

एकेकाला नऊ व्होल्ट देते, बेस मोकळा ठेवते.
बेस मोकळा म्हणजे कुणी हाक मारलेली नाही,
काही वाहायचं कारणच नाही.
तरी वाहतं.
सिलिकॉन अशा वेळी हाताची घडी तोंडावर बोट.
हे मात्र न विचारता बोलतात,
कुणी ऐंशी मायक्रोअँपिअर, कुणी तीनशे,
एक तर नऊशे. त्याला डब्याबाहेर ठेवलाय,
टाकलेला नाही.
चिमटीत धरला की आकडा चढतो.
बोटं काढल्यावरही मीटरला थोडा वेळ
मी आठवत राहते.

रोडेल इलोइलोचा, जुफैरच्या हॉटेलात गिटार वाजवतो.
त्याला फझ हवा होता, पण दुकानातला नको.
त्याला दात असतात, म्हणाला, घसा नसतो.
मी दोन निवडले, पहिला कमी गळणारा, दुसरा जरा सैल,
आणि दुसऱ्याच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट येईपर्यंत
प्रीसेट फिरवत बसले. खोलीत बावीस अंश.
त्याने एकच तार छेडली
आणि सूर हातात पिकल्या सीताफळासारखा उकलला,
गिटारचा नॉब मागे घेतला तर तोच आवाज निवळशंख.

मग ऑगस्ट. गच्चीवर कुणाचं तरी लग्न,
रात्री दहाला छत्तीस, हवा ओल्या घोंगडीसारखी,
स्टेजच्या दिव्यांखाली खोक्यात बेचाळीस तरी असतील.
"मरतोय हा," रोडेल फोनवर ओरडला.
मी ऐकलं : सूर सुरू होत होते
आणि संपायच्या आत तुटत होते,
कढ आवरून बोलणाऱ्या माणसासारखे.
दर दहा अंशांना गळती दुप्पट.
दोनदा दुप्पट म्हणजे चौपट. बोटांवर मोजलं.
पिशवीत बांधून बर्फात ठेव, म्हटलं,
लबनच्या बाटल्यांत.
दोन गाणी निघाली. तिसऱ्याला पुन्हा कढ.

आमच्याकडे माठ घेताना पाझरतो का ते बघतात.
न पाझरणारा माठ दिसायला कोरडाठाक, छान,
आणि पाणी गार करायला बिनकामाचा.
हे मला रोडेलला इंग्रजीत सांगता आलं नाही.
सांगितलं ते एवढंच, की सिलिकॉन घालून देते,
भर वाळवंटातही जागचा हलणार नाही.
तो नको म्हणाला.
प्रीसेट बाहेर काढ, त्यावर नॉब बसव,
उन्हाळ्यात माझं मी फिरवीन.

पत्र्याला भोक पाडलं, किसाची जळजळ बोटात राहिली.
नॉबखाली काय लिहू, विचारलं. बायस?
तो म्हणाला, ऑगस्ट लिही.
लिहिलं.

सकाळी सित्राला, सतरा नंबरच्या फ्लँजवर
एकच बुडबुडा, मोहरीएवढा,
येतो की राहतो असा.
घड्याळ लावून बघत राहिले. चार मिनिटं.
मागून वर्गीस म्हणाला, चला.
लाल चिठ्ठी लावली.
तिथे लावावीच लागते.