नव्वद टक्क्यांच्या पुढे

तुर्भ्याच्या गाळ्यात रात्री साडेअकराला
प्रिंटरने एकवीस चौकोन बाहेर टाकले:
कोऱ्या कागदापासून काजळापर्यंत,
मधे करड्याच्या पायऱ्या.
शेवटच्या तीन पायऱ्यांत काही फरकच नाही.
तिथे जिना संपून विहीर लागते.

शाई लगेच मोजू नये,
ओली असताना ती थापा मारते.
म्हणून कागद रात्रभर तारेवर,
हवेतलं पाणी शोषणारं यंत्र घुरघुरत,
आणि शेजारच्या गोदामातून
सुक्या मिरचीचा ठसका.

सकाळी चौकोनाचौकोनावर मीटर टेकवला.
पडद्यावरची रेषा ऐंशीपाशी फुगलेली,
ती दाबली. अर्धा टक्का, मग पाव.
पुन्हा एकवीस चौकोन, पुन्हा रात्र.
बायको म्हणते, हा धंदा नाही, व्रत आहे,
फक्त उद्यापन कधी ते सांग.

सगळं एका फोटोसाठी.
शहाबाजच्या चांगुणा म्हात्रेंच्या बापाचा,
पोशा भोईरचा, हा एकच:
मिठाच्या राशीत पावलं रोवून उभा,
पाठीला सूर्य.
राशीवर शाईचा थेंब नाही, माणसावर शाईच शाई.
त्याचे डोळे
नव्वद टक्क्यांच्या पुढे कुठेतरी.

सातव्या चाचणीत विहिरीला तळ लागला.
कपाळाची कड सुटली, मग भुवई,
मग गळ्यातला काळा दोरा
काळ्या छातीपासून वेगळा झाला.
आलेख फुटपट्टीसारखा सरळ.
स्वतःवर खूश होऊन मी फोन लावला.

म्हातारी नातवाच्या स्कूटरवरून आली.
चष्मा पदराने पुसला.
बापाकडे नंतर बघितलं.
आधी, मी "हात नको" म्हणेपर्यंत,
तिचं बोट राशीवर.

"मीठ येवरं धवलं नसतं.
पयली खेप खरवडली का चिखल येतो संगती.
रास बघ, गुडघ्याएवरी. पयलीच खेप हाय ही."

मीटरचं म्हणणं होतं, दोन टक्के, बरोबर.
रेषेच्या त्या टोकाला मी सात रात्री फिरकलोच नव्हतो.
तीनपाशी ठिपका पकडून वर उचलला,
केसभर.
रेषेला बाक आला. येऊ दे.
कागदाच्या पांढऱ्यात
चिखलाची नुसती चाहूल.

उद्या न्या, म्हटलं, वाळायला हवं.

"म्हायती हाय," ती उठता उठता म्हणाली,
"वालल्याबिगर रंग कलत नाय."