झोपेंच्या चटया

बँक मालाशी नाही, कागदाशी व्यवहार करते.
हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पाठ केलं
जळगावात, रिंग रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं आमच्या परदेशी बँकेची पाटी आहे आणि रोकड नाही.
लोक जिना चढून येतात, पासबुक भरून मागतात.
मी त्यांना खाली पतपेढीत पाठवते.

वासुदेव झोपे मात्र नेमके वर येतात.
एमआयडीसीत त्यांचे बावीस माग,
प्लास्टिकच्या चटया विणतात दिवसरात्र:
हिरव्या, जांभळ्या, मधोमध मोर असलेल्या.
शर्टाला वितळलेल्या दाण्याचा वास,
काखेत फाइल, फाइलीत पाच कागद.

मोंबासाला एक बाई आहे, झुहुरा सलीम.
यांनी तिला पाहिलेलं नाही, तिनं जळगाव पाहिलेलं नाही.
आधी पैसे, हे म्हणणार. आधी माल, ती म्हणणार.
समुद्राच्या दोन काठांवर दोघं
जन्मभर असेच उभे राहिले असते.
म्हणून तिची बँक लिहून देते: मी देईन.
आमची लिहून देते: ती नाही देऊ शकली, तर मी.
याला पतपत्र म्हणतात, मी समजावलं होतं.
झोपे म्हणाले, "म्हंजे सोयरीकच की वं ताई.
पोरगा-पोरगी गप, मधलेच बोलता."

मे महिन्यात एक कंटेनर अडला.
भुसावळला नाही, न्हावा शेव्याला नाही,
समुद्रातही नाही; तो केव्हाच पोचला होता.
अडला एका आडनावात.
पतपत्रावर झेड,
जहाजाच्या कागदावर जे आणि एच.
तिकडच्या बँकेनं चार ओळींत कळवलं:
विसंगती. कागद रोखले आहेत. सूचनेची वाट पाहतो.

ते कागद मीच तपासले होते.
दोन्हीकडे मला झोपेच दिसले,
कारण इंग्रजी अक्षरं मी मराठीत वाचली होती.

बाहेर सेहेचाळीस डिग्री. बंदरात दिवसाचं भाडं चढत होतं.
झोपे समोरच्या खुर्चीत बसून राहिले,
पंख्याखाली, चहा न पिता.
"मी कायले झोपतो? आडनावच तेवढं झोपे."
हसायला हवं होतं. दोघंही हसलो नाही.

आमच्या नैरोबीच्या शाखेत ओदुओर नावाचा माणूस आहे.
त्यानं फोनवर विचारलं, हे नाव उच्चारतात कसं?
मी उच्चारलं. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं,
दुसऱ्यांदा जवळपास आपल्यासारखं.
अर्थ काय? मी सांगितला.
तो म्हणाला, आमच्याकडे झोपेला उसिंगिझी म्हणतात,
बघ, झेड आमच्यातही आहे.
मग तो मोंबासाच्या बँकेशी बोलला, बँक बाईशी.
बाईनं एका ओळीत कळवलं, चालेल.
गुरुवारी पैसे आले,
विसंगतीचा दंड वजा करून.

पावती घेताना झोपे दारात थांबले.
"तिले इचारा ना, आपला हिरवा उन्हात इटतो का?"
आमच्या निरोपांत तारखेला रकाना असतो,
रकमेला, जहाजाला, बंदराला असतो.
मी सगळे वरून खाली पाहिले.
विचारते, म्हणाले. खोटं बोलले.

नवं पतपत्र श्रावणात आलं.
मालाच्या वर्णनात, वजन आणि नगांच्या मधे,
तिकडच्या कुणा कारकुनानं जसंच्या तसं टंकलेलं:
मोर नको. हिरवा मागच्यासारखाच, दुप्पट.

मी ते वाचून दाखवलं, मराठीत.
झोपे काही बोलले नाहीत.
खिशातून चष्मा काढला, कागद आपल्याकडे वळवला
आणि बोट ठेवून, एकेक अक्षर,
आधी आपलं आडनाव वाचलं.