पाणी

एकोणपन्नासावा दिवस झाला आणि आम्ही आजोबांचं कोठार उघडलं.
चहाच्या रिकाम्या पेट्यांमागे, विटक्या किमोनोत गुंडाळलेली
ती सापडली.
सापडली तर आधी पोलिसांना कळवायचं असतं.
मी फोनवर म्हटलं, घरात तलवार निघाली आहे,
जसं कुणी सांगावं, घरात साप निघालाय.

आलेला शिपाई कोवळा होता, मिसरूडसुद्धा धड फुटलेली नाही.
बूट काढून त्यानं त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवली.
शाळेत केंदो खेळायचो, म्हणाला,
आणि गुडघे टेकून त्या गंजक्या लोखंडापुढे इतका वाकला
जितकं मला शवपेटीपुढेही वाकता आलं नव्हतं.

आमच्या घरात वाकणं शिकवावं लागत नाही.
माझा भाऊ शुहेई, नागोयाला, ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत.
तीन गाड्या थांबल्या नाहीत.
त्यानं वरिष्ठांना दोनदा लेखी कळवलं होतं;
वरिष्ठ त्या दिवशी इस्पितळात होते, प्रकृतीच्या कारणानं.
कॅमेऱ्यांपुढे शुहेई वाकला. सत्तावीस सेकंद. मी मोजले.
बाबा टीव्हीसमोर ताठ बसले होते.
एवढंच बोलले: "पाठ सरळ आहे त्याची."

त्यानंतर तो घरी आलेला नाही.

तलवारीला तीन दाते पडलेत, हे आम्हाला ती दिसण्याआधीपासून माहीत.
दर नववर्षाला, साकेच्या दुसऱ्या पेल्यानंतर,
बाबांच्या तोंडून तीन माणसं मरायची.
फुशिमीची लढाई, थंडी, धूर,
आणि आमचे खापरपणजोबा गेन्नोजो.
तिसरा माणूस मरताना काय म्हणाला तेही बाबांना ठाऊक होतं.

शिझुओकाला, सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर,
ट्यूबलाइटखाली आम्ही अकरा जण रांगेत,
मांडीवर लांबट गाठोडी.
एकानं आपली गोल्फच्या पिशवीत आणली होती,
एका बाईनं बाळाच्या दुपट्यात.
मुकासा नावाच्या तपासनिसानं पातं उजेडात धरलं.
लांबी बासष्ट पूर्णांक तीन. बाक दीड. भोक एक.
मुठीखाली कारागिराचं नाव नाही.
अर्जात कुठेच विचारलेलं नव्हतं
किती, कुणाला, कशासाठी.

मग दात्यांवरून त्यांनी कापसाचा बोळा फिरवला.
"हाड नाही हे," ते म्हणाले.
"लोखंडावर लोखंडही नाही. हा खडा लागलाय.
हे दोन, लाकूड असावं. मुळं.
तुम्ही माकिनोहाराच्या ना?
तिकडून येणाऱ्या अशा असतात कधीकधी."

शोगुन गेला, पगार गेला, शेंडीची गाठ कापून झाली,
आणि ज्यांना कुदळ धरता येत नव्हती
अशा माणसांना ते माळरान मिळालं.
पाइनची खोडं, बांबूचं जाळं, गोटे.
कुदळ मोडली असेल एखाद्या दुपारी.
आजूबाजूला कुणी नाही हे पाहून
त्यांनी कमरेची उपसली असेल,
आणि गुडघ्यांवर बसून, घामाघूम,
मुळं तोडली असतील. एक. दोन.
तिसऱ्या घावाला गोटा.
मग किती वेळ ते त्या दात्याकडे बघत बसले असतील,
हे कुठल्या फुटपट्टीनं मोजायचं?

घरी आले. कागद बाबांपुढे ठेवला, सगळं सांगितलं.
ते काही बोलले नाहीत.
संध्याकाळी मळ्यात दिसले,
दवाच्या पंख्यांच्या खांबांमधून चालताना.
एका जुन्या झुडपापाशी बसले,
बोटांनी माती उकरून मूळ बघितलं, परत झाकलं.

रात्री मी शुहेईला लिहिलं:
दाते मुळांचे आहेत.
उत्तर आलं नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीनंतरची पहिली पानं,
वाफवलेली, वळलेली, अजून हाताला ऊब लागते अशी.
पात्यालाही पाणी असतं म्हणतात.
आम्ही पिढ्यान् पिढ्या एकमेकांचं पाणीच जोखत आलो.
उकळतं पाणी या पानांना सोसत नाही.
ते आधी एका वाटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत
ओतत राहायचं, हाताला सोसेल इतकं होईपर्यंत.

मी तिसऱ्या वाटीत ओतत होते तेव्हा दार सरकलं.
शुहेईचे बूट
एक आडवा, एक पालथा,
तसेच पडले.
बाबांनी पाहिले.
उठून कुणी सरळ केले नाहीत.