त्रोम्पा

आमच्या डोंगरात बारशाला बँड, लग्नाला बँड,
मयतालाही बँडच.
म्हणून ओआहाकाच्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली,
"दोमितिला, उजवी त्रोम्पा गेलीये, आता डावीचं बघू,"
तेव्हा मला आधी बापाचं दुकान आठवलं.
त्रोम्पा म्हणजे कर्णा. पितळेचा.
पोटातल्या नळ्यांचंही नाव तेच,
हे कळायला मला सदतीस वर्षं लागली.

उजवी गेली दोन वर्षांपूर्वी.
जीव धरला होता, पण वाटेतच,
घराच्या उंबऱ्याअलीकडे,
काडीएवढ्या नळीत.
सातव्या आठवड्यात ती फाटली.
विलिबाल्दोनं मक्याच्या ट्रकमधून मला खाली आणलं.
एकशे साठ वळणं. त्यानं मोजली.
दुसरं काय करणार?

बाप कर्णे दुरुस्त करतो.
वाजत नसलेल्या कर्ण्यावर तो आधी हातोडी उचलत नाही,
एका तोंडातून विडीचा धूर सोडतो
आणि दुसऱ्या तोंडाशी डोळा लावून बसतो.
धूर आला तर वाट मोकळी.
नाही आला तर आत काहीतरी आहे:
मेण, गांधीलमाशीचं घर,
एकदा तर कुणाचीतरी प्रेमाची चिठ्ठी, चघळलेली.

टेबलावर मी. पाय वर, पाठीखाली गार पत्रा.
खालून रंग सोडला, पडद्यावर रेघ उमटली,
केसाएवढी.
उजवीकडे जराशी गेली, खुंटली.
डावीकडे वळली, अडखळली.
"श्वास घे गं," डॉक्टरीण म्हणाली.
घेतला,
आणि टोकाशी धूर निघाला.
बापाला दाखवायला हवा होता.

मग मी विचारलंच:
उजव्या बाजूला बीज पिकेल, तो महिना वाया?
तिनं पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं.
नळीच्या तोंडाला झालर असते, बोटाबोटांची,
सैल, चाचपडणारी.
कधी कधी डावीची बोटं मागून पलीकडे जातात
आणि उजवीकडचं बीज उचलून आणतात.
नेहमी नाही. पण आणतात.
बीजाला पाय नसतात, ती म्हणाली,
नळीच त्याला चालवते.
आत बारीक लव, सगळी एकाच दिशेनं झुकणारी.
भेटगाठही तिथंच, नळीच्या रुंद भागात.
गर्भाशय खूप नंतर.
चार इंचांची वाट, तीन-चार दिवस.
मला ती वळणं आठवली.

परतले तेव्हा चौकात तालीम चालली होती.
एलेउतेरिओ गेल्यापासून त्याची खुर्ची रिकामीच ठेवतात.
तोमासा स्वतःचं वाजवता वाजवता
वाकून त्याच्या स्टँडवरचं पान उलटते,
आणि त्याच्या चार ओळी, जमतील तशा, वाजवते.
दोन सूर चुकले.
कुणी थांबलं नाही.

बाप दारातच उभा.
"अडलंय का काही?"
"नाही. धूर आला."
त्यानं मान हलवली,
विझलेली विडी कानामागे ठेवली,
आणि माझ्या हातातली पिशवी घेतली,
जड नव्हती तरी.